चार नंबरचा चष्मा

८ जानेवारी

प्रिय मावशी,

वाकून नमस्कार. खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढंच, कारण काचेपलीकडे मोठे साहेब बसलेत आणि त्यांना वाटतंय मी काम करतेय. तसं हे कामच आहे म्हणा.

येत्या आठवड्यात तुझ्या दारात एक भलंमोठं खोकं येईल. घाबरू नकोस, परत पाठवू नकोस आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर कापडाचे तागे रचू नकोस. त्यात आमच्या कंपनीचा नवा थ्रीडी टीव्ही आहे. चष्मा घातला की चित्र पडद्यातून बाहेर येतं. मासा पोहत पोहत थेट तुझ्या शिलाई मशीनपर्यंत! बाजारात येण्याआधी निवडक घरांमध्ये आम्ही तो वापरायला देतोय, आणि घरं निवडणारी मीच आहे. मग पहिलं घर कुणाचं, हे काय सांगायला हवं? वशिला म्हण हवं तर.

अटी दोनच. रोज संध्याकाळी सगळ्यांनी बघायचा आणि कसा वाटला ते मला पत्राने कळवायचं. फोन नाही. साहेबांना कागद लागतो, फाइलला लावायला. शिवाय फोनवर मी नुसतं ‘हं हं’ करते आणि कान दुसरीकडे असतो, ही तुझीच तक्रार. चष्मे चार आहेत. तू, काका, धाकटे काका आणि एक पाहुण्यांसाठी. चष्मा किती वेळ चालू होता ते त्याच्या दांडीतच नोंदलं जातं. आमचा माणूस बॅटरी बदलायला येईल तेव्हा तो आकडा उतरवून घेईल.

आता एक मनातलं. हा विभाग नवा आहे, माझा आहे आणि या टीव्हीवरच उभा आहे. घराघरांतून होकार आला तर माझ्या दारावर पाटी लागेल. नकार आला तर पाटी सोड, दारच राहणार नाही. पण म्हणून तू दडपण घेऊ नकोस हं. अगदी खरं खरं लिही.

तुझी,
भिंगरी


२१ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी थोडे जास्त, कारण तुला लागणार असं दिसतंय.

खोकं आलं. दोघांनी उचलून आणलं आणि तिसऱ्याने नुसतं ‘जपून, जपून’ केलं. त्याचाच पगार जास्त असावा.

पहिल्या संध्याकाळचं सांगते. तुझे काका घड्याळाच्या दुकानातून आले ते डोळ्यावरचं भिंग कपाळावर तसंच ठेवून. म्हटलं, ते काढा आणि हा चष्मा घाला. तेवढ्यात आठवलं, दुकानाचं मागचं दार लावायचं राहिलंय. मी चाव्या त्यांच्याकडे फेकल्या आणि त्यांनी नेहमीप्रमाणे पाडल्या. गळके हात! लग्न झाल्यापासून या माणसाने एक वस्तू धड झेललेली नाही. चहा ओतायला दिला तर निम्मा बशीत. आणि हाच मनुष्य लोकांच्या घड्याळात मोहरीएवढं चाक बसवून पोट भरतो. कोडंच आहे.

असो. भाऊजी सोफ्यावर, आम्ही दोघं खुर्च्यांवर, तिघांच्याही नाकावर काळे चष्मे. कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यांच्याकडे आज दरोड्याची बैठक आहे. टीव्हीबरोबर आलेल्या तुमच्या त्या चकतीवरचा पक्ष्यांचा थवा सुरू झाला आणि आला की गं थेट अंगावर! भाऊजी ‘अगं आई गं’ म्हणून ओरडले आणि सोफ्यावरून खाली. त्याबरोबर तुझे काका वाकले. इतके वाकले की टीपॉयला कपाळ लागून टेंगूळ आलं. मी ‘वा!’ म्हटलं.

छान आहे हो टीव्ही. चित्र जरा अंधारं दिसतं, पण चष्मा काळा म्हटल्यावर तसंच असणार. हातात तुरपाई होती, ती सुई दिसेना म्हणून ठेवून दिली. भाऊजींना आडवं होऊन बघायची सवय, आणि आडवं झालं की मासे नाहीसे होतात, म्हणून ते हल्ली बसून झोपतात. चष्म्यामुळे कुणाला कळतही नाही. एकूण चष्मा फार उपयोगी आहे. कांदा चिरतानाही मी तोच घालते. डोळ्याला टिपूस येत नाही.

तुझी मावशी


३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी विभागात मोठ्याने वाचून दाखवलं. काका वाकले तिथे टाळ्या पडल्या! त्यांच्या टेंगळाची नोंद अहवालात ‘तीव्र शारीरिक प्रतिसाद’ अशी झाली आहे, हे त्यांना अभिमानाने सांग. तुझ्या ‘वा!’खाली मी लाल रेघ ओढली, ‘फार उपयोगी’खाली दोन. आणि कांद्याचं तर काय सांगू! ‘ग्राहक स्वयंपाकघरातही चष्मा काढत नाही’ हे वाक्य साहेबांनी वहीत उतरवून घेतलं.

एकच काटा सलतोय. चौथा चष्मा. तुमच्या घरातल्या चार नंबरच्या चष्म्याचा आकडा शून्य आहे. बाकीच्या घरांचंही असंच काहीतरी रडगाणं आहे, आणि साहेबांचं म्हणणं, सगळे चष्मे चालले नाहीत तर हा टीव्ही घराचा कसला? पुढच्या महिन्यात आकडे वर गेले नाहीत तर विभागाला कुलूप. मी मोठ्या तोंडाने म्हणून बसलेय की निदान माझ्या मावशीच्या घरी तरी चारही चालतील. कुणी पाहुणे, शेजारी, शिवायला टाकायला येणाऱ्या बायका? बघ ना जमलं तर.

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

काळजी करू नकोस. चार नंबरची सोय झाली.

आमच्या कामाच्या खोलीत गेल्या वर्षीपासून बाईसाहेब असतात. तू दोन वर्षांत फिरकलीच नाहीस, तुला कुठून माहीत असणार? कोपऱ्यावरचं कपड्यांचं मोठं दुकान बंद झालं, तेव्हा त्यांना कुणी विचारेना. म्हटलं, चला आमच्याकडे. बांधा असा की काहीही शिवून अंगावर चढव, शोभून दिसतं. मला माप घ्यायला, घडी बसवायला मदतच होते. तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. अशी बाई या घरात दुसरी नाही, असं तुझे काका म्हणतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

तर रोज दुपारपासून मी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवते आणि टीव्हीसमोर आणते. बसत नाहीत, उभ्यानेच बघतात. पण काय ते लक्ष! पापणी म्हणून लवत नाही. कितीही पक्षी अंगावर येवोत, त्या आपल्या जागच्या हलत नाहीत.

आम्हीही रोज लावतो. चकती मात्र तीच आहे, तेव्हा आता आम्हाला मासे चेहऱ्याने ओळखू येतात. तो जाड ओठांचा मासा आहे ना, त्याला भाऊजींनी ‘मोठे साहेब’ नाव दिलंय. हे फाइलला लावायच्या आधी खोड.

तुझी मावशी


१२ मार्च

मावशी!!

माझी गुणाची मावशी! सगळ्या घरांतून, सगळ्या चष्म्यांतून सर्वांत जास्त तास कुणाचे? तुमच्या चार नंबरचे! दुसऱ्या क्रमांकाचा माणूस तिच्या निम्म्यावरही नाही. साहेबांनी भर सभेत विचारलं, “ही बाई आहे तरी कोण?” मी मान ताठ करून म्हटलं, “माझ्या मावशीच्या घरी असतात.” साहेब म्हणाले, “अशाच ग्राहकांसाठी आपण हे केलं.” त्यांचा आवाज जड झाला होता, देवाशपथ.

टीव्ही बाजारात आणायच्या कागदावर मी सही केली. कारखाना सुरू! आता त्यांना बाईसाहेब जाहिरातीत हव्यात. फोटोवाला पाठवू का? भाडं, कपडे, सगळं कंपनीचं.

दारावरची पाटी करायला टाकली आहे. पितळेची.

तुझी (पाटीवाली),
भिंगरी


१८ मार्च

चि. भिंगरी,

फोटोवाल्याला पाठवू नकोस. बाईसाहेबांना कुठे हलवायचं म्हटलं की त्या कमरेत सुटतात. मग आम्हा तिघांना धरून बसवाव्या लागतात. प्रसिद्धीची हौस म्हणशील तर, त्यांचं सगळं आयुष्य काचेआड लोकांसमोरच गेलंय. आता निवांत असू देत.

सही केलीस म्हणतेस. करायच्या आधी एकदा इकडे येऊन जायचं होतंस गं. एक संध्याकाळ आमच्यात बसली असतीस. मी पत्रात खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, हे लक्षात ठेव. पण पत्र ते पत्र, दुरून डोंगर साजरे.

पाटीबद्दल अभिनंदन. काकांनी तिचं पितळ घासायची पावडर बाजूला काढून ठेवलीय.

तुझी मावशी


२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

इतके महिने पत्र नाही, रागावली असशील. लिहायला तोंड नव्हतं.

टीव्ही आपटला. साफ आपटला. मी स्वतः एका दुकानात दिवसभर उभी राहून पाहिलं. लोक येतात, चष्मा घालतात, “अरे वा!” म्हणतात. मुलं हात पुढे करून मासे धरायला बघतात. एक आजोबा तर दोन पावलं मागे सरकले. सगळे हसतात, एकमेकांना चष्मे देतात, आणि मग शेजारचा साधा टीव्ही घेऊन घरी जातात. ज्यांनी घेतला, त्यांच्याकडे जाऊन चौकशी केली तर चष्मे सापडत नाहीत. एका घरी सोफ्याच्या फटीत निघाले. एका घरी ‘असतील कुठेतरी’. गोदामात खोकी छताला टेकली आहेत.

साहेबांनी कारण शोधून ठेवलंय: दुकानातले विक्रेते नीट समजावून सांगत नाहीत. तसा अहवाल टाइप होऊन माझ्या टेबलावर पडलाय, खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली की विक्रेत्यांची अख्खी तुकडी घरी जाईल, टीव्हीची दुसरी खेप निघेल, आणि माझी पाटी दारावर राहील. नाही केली तर काय होईल ते उघड आहे. त्या दुकानातली विकणारी मुलगी दिवसभर घसा कोरडा करून बोलत होती, मावशी. तिचं काही चुकलेलं मला तरी दिसलं नाही.

म्हणून विचारते. तुमच्याकडे अजून रोज लागतो ना तो? मला बाईसाहेबांशी बोलायचंय. त्यांना एवढं काय आवडलं, तेवढं कळलं तरी मी साहेबांना सांगू शकेन की चूक विक्रेत्यांची नाही, टीव्हीचीही नाही. या महिनाअखेर सभा आहे.

तुझी,
भिंगरी


११ सप्टेंबर

माझी भिंगरी,

आधी बस. पाणी पी. बाईसाहेब प्लॅस्टिकच्या आहेत.

दुकानाच्या काचेत कपडे घालून उभा करतात ना, तो पुतळा. कंबरेला जोड आहे. तू विभागाला कुलूप लागेल म्हणालीस. आपल्या पोरीचं दार जातंय म्हटल्यावर मी काय करणार होते? भाऊजींनी चष्मा चढवला, मी बटण दाबलं. आपला तो बाब्या, दुसरं काय! तू ‘खरं लिही’ म्हणालीस तेव्हा मी खरं लिहिलं, फक्त अर्धं. अर्धं लिहिण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आता उरलेलं अर्धं घे. त्या टीव्हीवर केव्हापासून चादर घातली आहे. आम्ही जुनाच लावतो. वाईट काही नाही गं त्यात, पहिल्या दिवशी मीसुद्धा मनापासून ‘वा’ म्हटलं होतं. पण नव्याचे नऊ दिवस. संध्याकाळी टीव्ही लागतो म्हणजे आम्ही टीव्हीच बघतो असं तुला कुणी सांगितलं? मी तुरपाई करते. भाऊजी लोळतात. काका मध्येच उठून पाणी पितात, परत येऊन विचारतात, “हा कोण? मघाशी मेला तो?” मग आम्ही दोघं मिळून त्यांना सांगतो, आणि ते सांगण्यात पुढचं हुकतं. चष्मा घातला की यातलं काहीच होत नाही. सुई दिसत नाही, लोळता येत नाही, उठलं की चष्मा काढा, बसलं की घाला, बॅटरी गेली की शोधा. असून अडचण, नसून खोळंबा.

एकदा शेजारचे पाच जण मुद्दाम बघायला आले. आम्ही तीन, चष्मे चार. “तुम्ही घ्या.” “छे छे, तुम्ही घ्या, आम्ही काय रोजच बघतो.” “नाही हो, आजींना द्या.” आजी म्हणाल्या, माझा एक चष्मा आहे त्यावर हा कुठे बसवू? शेवटी चारही चष्मे टीपॉयवर राहिले आणि आम्ही आठही जण उघड्या डोळ्यांनी प्रत्येक मासा दोन-दोनदा बघत बसलो, चष्म्याविना एकाचे दोन दिसतात ना. कुणी कुणाला तक्रार केली नाही. सगळे जाताना म्हणाले, छान आहे.

आणि एक सांगते. बातम्या लागल्या की मी बातम्या कमी बघते, तुझ्या काकांना जास्त बघते. कुठल्या बातमीला भुवई उडते, कुठे हसू दाबतात, ते बघायला मजा येते. काळा चष्मा घातल्यावर माणूसच दिसेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या शेजारी बसून एकटं वाटलं.

मला माफ कर. लाडाने तुझा घात केला.

तुझी मावशी

(सोबत वेगळी चिठ्ठी, घडी करून)

भिंगरी, पत्रं पाकिटात घालून टाकायचं काम माझं. म्हणून हा कागद तुझ्या मावशीला न दाखवता आत सरकवतोय. फाइलला लावू नकोस.

मला तुमचे मासे एकदाही बाहेर आलेले दिसले नाहीत. चष्मा घातला की साधाच टीव्ही, फक्त अंधारा. पहिल्या दिवशी भाऊ ओरडला म्हणून मी वाकलो. नंतर सगळे म्हणू लागले, काय दिसतंय, काय दिसतंय! मला वाटलं माझाच डोळा गेला. तेव्हापासून टीव्हीवर चादर पडेपर्यंत कुणाला न सांगता वाकत राहिलो. डोळ्यावर माझं पोट आहे. दुकान बंद करावं लागेल का, एवढं तुमच्या कुणा जाणत्याला विचारून कळव. पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाक. ही उगीच घाबरेल.

काका


१९ सप्टेंबर

प्रिय काका,

आधी घाबरायचं थांबा. आमच्याकडे भिंगांचं काम बघणारी एक इंजिनियर आहे. तुमचं नाव न सांगता तिला विचारलं. ती म्हणाली, अशी माणसं बरीच असतात. दोन्ही डोळ्यांना दिसतं, पण दोन्ही डोळे मिळून काम करत नाहीत. जन्मापासून तसंच असल्यामुळे त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. मग एखादा थ्रीडी टीव्ही येतो आणि सगळे ‘वा’ म्हणतात, तेव्हा ती गुपचूप घाबरतात. तिने एक युक्ती सांगितलीय. दोन पेन्सिली हात लांब करून धरा आणि टोकाला टोक लावा. एकदा दोन्ही डोळे उघडे, एकदा एक मिटून. बहुतेकांना एक डोळा मिटला की अवघड जातं. तुम्हाला दोन्ही वेळा सारखंच वाटलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. हे मात्र टाळू नका.

मावशीचं पत्र वाचून मी आधी रडले, मग बाईसाहेबांच्या पापणीचं वाक्य पुन्हा वाचलं आणि इतकी हसले की काचेपलीकडून साहेबांनी पडदा ओढून घेतला. नंतर तिची सगळी जुनी पत्रं काढली. काका, सगळं त्यात होतं हो. अंधारं चित्र, सुई, लोळणं, त्याच त्या माशांची चकती. मी लाल पेन घेऊन नेमक्या नको त्या ओळींखाली रेघा ओढत गेले. मला होकार हवा होता, मी होकार वाचला.

त्या अहवालावर मी सही करणार नाही. त्याऐवजी खरं काय ते सांगणार आहे. पण तुमचं वाकणं हा माझ्या आधीच्या अहवालाचा मुकुटमणी आहे, तो काढल्याशिवाय खरं पुरं होत नाही. तुमची परवानगी हवी. आणि माझ्या सभेत उघड होण्याआधी ते मावशीला तुमच्या तोंडून कळायला हवं. एवढं माझ्यासाठी कराल?

तुमची,
भिंगरी


२६ सप्टेंबर

चि. भिंगरी,

पेन्सिली दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या. डॉक्टरांकडे जाऊन आलो.

डावा डोळा लहानपणापासून आळशी. कामाचं सगळं ओझं उजव्यावर. जाण्यासारखं नवीन काही गेलेलं नाही आणि या वयात सुधारण्यासारखंही नाही, म्हणाले. दुकान चालू राहील. भिंग एकाच डोळ्याला लावायचं असतं, त्यामुळे धंद्यात कधी अडलं नाही. कपाबाहेर पडणारा चहा आणि न झेललेल्या चाव्या यांचंही मूळ तिथेच, म्हणाले. वस्तू किती जवळ आली ते मला लोकांसारखं दिसत नाही, मी अंदाज बांधतो. मी त्यांना विचारलं, लोकांना नक्की काय दिसतं? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, सांगता येणार नाही.

रविवारी तुझ्या मावशीला सांगतो. परवानगी आहे. नाव घालू नकोस, डोळा घाल.

काका


६ ऑक्टोबर

प्रिय मावशी, प्रिय काका, (आणि बाईसाहेबांना वेगळा नमस्कार),

झाली सभा.

साहेब म्हणाले, “अहवाल वाचा.” मी त्यांचा बाजूला ठेवला आणि माझा वाचला. आठ माणसं आणि चार चष्मे सांगितले. सुई सांगितली. बसून झोपणारे धाकटे काका सांगितले. एका घरातल्या अशा गृहस्थाबद्दल सांगितलं, ज्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं आणि तरी घरच्यांचा विरस नको म्हणून जे रोज वाकत होते. शेवटी म्हटलं, “दुकानात हा टीव्ही सगळ्यांना आवडतो, कारण दुकानात माणूस उभा राहून फक्त टीव्ही बघतो. घरी तसं कुणीच बघत नाही. विक्रेत्यांनी घसा फोडला तरी त्याला इलाज नाही.”

साहेब म्हणाले, “सगळ्यांबद्दल असं कसं म्हणता? तुमच्याच मावशींकडच्या त्या बाई तासन्‌तास बघायच्या. त्यांचं काय?”

“साहेब,” मी म्हटलं, “त्या प्लॅस्टिकच्या आहेत.”

भिंगवाली इंजिनियर टेबलाखाली गेली ती वर आलीच नाही. हिशेब बघणारे म्हातारे गृहस्थ, जे कधी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, “म्हणजे असे ग्राहक आहेत, पण ते खरेदीला येत नाहीत.” साहेब लालबुंद झाले. मग त्यांनीही कपाळाला हात लावला. दुसरी खेप थांबली. विक्रेत्यांची तुकडी जागच्या जागी राहिली.

माझा विभाग मात्र गेला. मला रिमोटच्या विभागात टाकलंय, तळमजल्यावर, खिडकी नाही. पाटी काल उतरवली. स्क्रूची चार भोकं दारावर राहिली, ती बघून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? खूप वाटलं. पण त्या दुकानातल्या मुलीसमोरून मी मान वर करून जाऊ शकते.

टीव्ही न्यायला माणसं येतील. आणि या महिन्यात मी येतेय. राहायला. रिमोट घरात कुणाच्या हातात असतो, ते या वेळी डोळ्यांनी बघायचंय.

तुमची,
भिंगरी


१५ ऑक्टोबर

माझी भिंगरी,

टीव्ही नेला. पुन्हा तेच तिघं आले, तिसऱ्याने पुन्हा ‘जपून’ म्हटलं. चष्मे मोजताना तोच म्हणाला, “चार नंबर कुणाचा हो? ऑफिसात फार नाव ऐकलंय.” मी कामाच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. त्याने टोपी काढली. माझा एक चष्मा मी कांद्यासाठी ठेवून घेतलाय. फाइलला काय लावायचं ते लावा.

पितळेची पाटी गेली म्हणून रडायचं नाही. जाड कापडावर तुझं नाव भरून ठेवलंय, कडेने टीप मारलीय. खिडकी नसलेल्या खोलीत तेवढाच रंग. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझ्या काकांनी त्या रविवारी सांगितलं. मी आधी हसले. म्हटलं, म्हणजे ते टेंगूळ फुकट गेलं! तेही हसले. मग मी कामाच्या खोलीत गेले आणि बाईसाहेबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लग्नापासून मी या माणसाला गळके हात म्हणतेय गं. पाहुण्यांसमोर, भाऊजींसमोर, तुझ्यासमोरसुद्धा. एकदाही उलट बोलले नाहीत. त्यांनाही वाटायचं, आपले हातच तसे. आणि तुझा तो आपटलेला टीव्ही आला नसता, तर आम्हा दोघांना हे कधी कळलंच नसतं. तेव्हा कुणी म्हणालं की तो कुणाच्या उपयोगी पडला नाही, तर माझा पत्ता दे.

काल सकाळी ते दुकानात निघाले. सवयीने दारात उभं राहून म्हणाले, “चाव्या!” आणि हात पुढे केला. त्यांचे डोळे मिटलेले होते. इतकी वर्षं मी चाव्या फेकते आणि पाठ फिरवते, त्यामुळे ते डोळे मिटतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पडणार, हे धरूनच उभे राहायचे. मी मशीन थांबवलं, उठले, दारापर्यंत गेले आणि चाव्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

त्यांनी डोळे उघडले. आधी चाव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पडल्या नाहीत,” ते म्हणाले.

तुझी मावशी